कामाच्या जागची सुरक्षितता : कामगार ती मनावर कधी घेतो

अपघातानंतरच्या चौकशीत एक वाक्य हमखास सापडते : संबंधित कामगाराला नियम माहीत होता. हे वाक्य बहुतेक वेळा खरे असते. विजेच्या खांबावर चढणाऱ्या लाइनमनला आधी पुरवठा बंद करायचा, स्विचला कुलूप घालायचे, तारेत वीज उरली नसल्याची चाचणी घ्यायची, दोन्ही बाजूंना अर्थिंग करायचे आणि मगच तारेला हात लावायचा, हा क्रम पाठ असतो. पावसाळी संध्याकाळी आख्खा भाग अंधारात असतो, तक्रारींचे फोन थांबत नसतात, वरचा अधिकारी दर पाच मिनिटांनी विचारत असतो आणि जोडायची तार एकच असते. अशा वेळी अर्थिंगची पायरी गाळली जाते. दहा मिनिटे वाचतात, दिवे लागतात, रहिवासी आभार मानतात. काहीही वाईट घडत नाही. पुढच्या वेळी तीच पायरी गाळणे थोडे सोपे होते.

कामगारांना सुरक्षिततेसाठी प्रवृत्त करणे या विषयाची मुख्य अडचण इथेच आहे. नियम मोडल्याचा फायदा लगेच, दररोज आणि सर्वांदेखत मिळतो. त्याची किंमत क्वचित, उशिरा आणि बहुधा एकट्याला मोजावी लागते. अनुभव हा चांगला शिक्षक मानला जातो, पण या बाबतीत तो चुकीचा धडा देतो. शंभर वेळा निभावलेला माणूस एकशे एकाव्या वेळी अधिक निर्धास्त असतो. म्हणून नव्या कामगाराइतकीच, कधी कधी त्याहूनही अधिक, चिंता वीस वर्षे काम केलेल्या कसबी माणसाची करावी लागते. त्याला उपदेशाची उणीव नसते. रोजच्या कामात त्याला कोणती गोष्ट सोपी, मानाची आणि फायद्याची ठरते, हे तपासावे लागते.

हा विषय म्हैसूरमधील कुवेंपुनगरच्या निमित्ताने मांडण्याला कारण आहे. कन्नडचे पहिले ज्ञानपीठविजेते कवी कुवेंपु यांच्या नावाची ही शहराच्या नैर्ऋत्येकडील वसाहत मुख्यतः राहत्या घरांची आहे. कारखान्यांची धुराडी तिच्यात नाहीत. हूटगळ्ळी, मेटगळ्ळी, हेब्बाळ या औद्योगिक वसाहती शहराच्या दुसऱ्या अंगाला आहेत. तरीही जोखमीचे काम इथे रोज चालते. कर्नाटक राज्य परिवहनाचा शहर बसगाड्यांचा आगार इथे आहे. शेजारच्या अशोकपुरम भागात रेल्वेची जुनी कार्यशाळा आहे, आणि १९१२ साली नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात सुरू झालेला रेशीम विणण्याचा कारखाना मानंदवाडी रस्त्यावर आहे. त्याशिवाय घरांवर मजले चढवणारे गवंडी, गटारे उपसणारे आणि पहाटे रस्ते झाडणारे पौरकार्मिक, गल्लीच्या टोकाची गॅरेजे आणि फॅब्रिकेशनची दुकाने आहेत. पुण्याचे कोथरूड किंवा नाशिकचे सिडको यांचे चित्र फार वेगळे नाही. सुरक्षितता म्हणजे मोठ्या कारखान्याच्या फाटकावरचा फलक, ही समजूत अशा वसाहतीत टिकत नाही.

भारतात कायद्याने या प्रश्नाकडे पाहायला सुरुवात केली ती मुंबईत. गिरण्यांतील परिस्थितीच्या चौकशीसाठी १८७५ मध्ये आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा आला. तो शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. मुलांच्या कामाच्या तासांवर त्याने मर्यादा घातली आणि यंत्रांच्या धोकादायक भागांना कुंपण घालण्याची तरतूद केली. ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये ती मान्य झाली. सुट्टीची ही मागणी सुरक्षिततेच्या इतिहासात नोंदली जायला हवी, कारण थकलेला माणूस सावध राहू शकत नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने फिरत्या यंत्राची आवरणे, डोळ्यांचे संरक्षण, विषारी वायूच्या टाक्यांत उतरण्याचे नियम आणि आगीपासून बचाव यांची सविस्तर चौकट घातली. ४ मार्च १९६६ रोजी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि १९७२ पासून तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे त्याच तारखेला लाइनमन दिवसही साजरा होतो.

या कायद्यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी यंत्राला आवरण, मग कामगाराला सूचना. जिथे धोका काढून टाकता येतो तिथे तो काढावा. जिथे येत नाही तिथे त्याला अडसर घालावा. हेल्मेट, हातमोजे आणि पट्टा यांची पाळी सर्वांत शेवटी यावी. कामगाराच्या मनोवृत्तीची चर्चा हा क्रम उलटा करण्यासाठी वापरली गेली की ती अन्यायाची होते. असे घडलेही आहे. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ च्या आपल्या पुस्तकात ८८ टक्के अपघातांचे खापर माणसांच्या असुरक्षित कृतींवर फोडले. हा आकडा पुढे जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत दशकानुदशके फिरत राहिला. त्यामागच्या नोंदी प्रामुख्याने कारखानदारांकडून आलेल्या होत्या, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या आधाराविषयी गंभीर आक्षेप घेतले आहेत. जो माणूस जखमी होतो तोच यंत्राच्या सर्वांत जवळ असतो, म्हणून दोष त्याच्यावर येणे सोपे असते. त्या दिवशीचे टार्गेट कोणी ठरवले, निघालेले आवरण कोणी परत बसवले नाही, हे प्रश्न मागे राहतात.

भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री झालेल्या वायुगळतीनंतर भारतीय कायद्याने महत्त्वाचे वळण घेतले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण घातले. त्यातील कलम ४१-जी नुसार अशा कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान संख्येच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती असावी लागे. कलम ४१-एच ने कामगाराला तातडीचा धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी कारखाना निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क दिला. धोका खरा असल्याचे पटले तर मालकाने लगेच उपाय करायचा; पटले नाही तर प्रश्न निरीक्षकाकडे पाठवायचा, आणि त्याचा निर्णय अंतिम. ज्याला तोवर केवळ सूचना ऐकायच्या होत्या, त्याला बोलण्याचा हक्क मिळाला. कामगाराचे मन वळवण्याच्या सगळ्या उपायांत या हक्काइतका परिणामकारक उपाय विरळा. अर्थात तो वापरणाऱ्यावर पुढच्या महिन्यात सूड उगवला जाणार नसेल तरच.

काही धोके मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि तिथे प्रवृत्त करण्याचे काम सर्वांत कठीण होते. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज हे त्याचे नमुनेदार उदाहरण. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत माग चालवणारा माणूस बहिरा एका दिवसात होत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म पेशी वर्षानुवर्षे झिजत जातात. पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या स्वरांना. नेहमीच्या बोलण्यात तो कळत नाही. मग गर्दीत बोलणे समजेनासे होते, घरचे लोक मोठ्याने बोलू लागतात, आणि तोवर गेलेले ऐकणे परत येण्यासारखे उरलेले नसते. भारतीय कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अनेक तज्ज्ञ संस्था ८५ डेसिबलच सुरक्षित मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सहन करण्याचा काळ निम्मा धरतात. कानातले बूच स्वस्त असते. तरी ते घातले जात नाही, कारण त्याने कान खाजतो, घाम येतो, शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही, आणि कसबी मागवाला यंत्राच्या आवाजावरूनच बिघाड ओळखतो. या तक्रारी निमित्त म्हणून झटकून टाकण्यासारख्या नाहीत. त्या कामाच्या गरजेतून आलेल्या आहेत.

यावर डोव्ह झोहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आजही मार्गदर्शक आहे. त्यांनी कामगारांचे ऐकणे पाळीच्या आधी आणि पाळी संपल्यावर तपासले. एक दिवस बुचाशिवाय आणि एक दिवस बूच घालून. आठ तासांच्या आवाजाने ऐकण्याची धार तात्पुरती बोथट होते आणि विश्रांतीनंतर ती बरीचशी परत येते. ही तात्पुरती घट प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या आलेखावर दाखवण्यात आली आणि आलेख सर्वांना दिसतील असे लावले गेले. पाच महिन्यांनी त्या विभागात ८५ ते ९० टक्के लोक बूच वापरत होते. ज्या विभागात केवळ व्याख्यान झाले तिथे हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच राहिले. वीस वर्षांनी येणारे नुकसान त्याच संध्याकाळी स्वतःच्या कानाच्या आलेखात दिसले, एवढाच काय तो फरक. म्हैसूरमध्ये मानसगंगोत्री परिसरात १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. कान तपासणारे प्रशिक्षित लोक जिथे तयार होतात त्या शहरात असा उपाय छोट्या कारखान्यांपर्यंत नेणे अवघड नसावे. महाराष्ट्रातील यंत्रमाग केंद्रांनाही श्रवणतज्ज्ञ परके नाहीत. उणीव आहे ती तपासणीचा कागद फायलीत न ठेवता कामगाराच्या हाती देण्याच्या सवयीची.

निकाल कामगाराला दाखवण्याचे महत्त्व ज्युडी कोमाकी यांच्या १९७८ च्या अभ्यासातही दिसते. अमेरिकेतील एका मोठ्या बेकरीत दोन विभागांतील सुरक्षित कृतींचे प्रमाण सुमारे ७० आणि ७८ टक्के होते. कोणती कृती सुरक्षित आणि कोणती नाही, हे चित्रांवरून समजावले गेले आणि रोजचे प्रमाण भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिले जाऊ लागले. प्रमाण ९६ आणि ९९ टक्क्यांपर्यंत चढले. तक्ता बंद झाल्यावर ते पुन्हा पूर्वीच्या पातळीला आले. सुरक्षा सप्ताहात पोस्टर लावून, शपथ घेऊन आणि बॅज वाटून बाराव्या महिन्यापर्यंत परिणाम टिकेल असे मानणाऱ्यांनी या शेवटच्या निष्कर्षाकडे नीट पाहावे.

बक्षिसांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्यासाठी कुवेंपुनगरच्या आगारात येणाऱ्या चालकांकडे वळणे योग्य. कर्नाटक परिवहनात पाच वर्षे विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाला रौप्य आणि पंधरा वर्षे करणाऱ्याला सुवर्णपदक देण्याची प्रथा आहे. महाराष्ट्राच्या एसटीतही पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवणाऱ्यांचा सपत्नीक सत्कार होतो. या प्रथांची थोरवी कमी लेखू नये. चालकाच्या कामात कौतुकाचे प्रसंग थोडे असतात. गाडी वेळेवर पोहोचली तर कोणी काही बोलत नाही, उशीर झाला तर सगळे बोलतात. न घडलेल्या गोष्टीचा, म्हणजे टळलेल्या अपघातांचा, सत्कार करणारी व्यवस्था माणसाला सांगते की त्याचा संयम कोणीतरी मोजत होते. पत्नीलाही मंचावर बोलावण्यात शहाणपण आहे. रात्रीच्या गाडीवर निघण्यापूर्वी चालकाची झोप झाली की नाही, हे घरालाच ठाऊक असते.

पण अपघातांची संख्या शून्य असणे हे एकमेव माप झाले की दोन दोष शिरतात. पहिला योगायोगाचा. गर्दीच्या मार्गावर बारा वर्षे काळजीपूर्वक गाडी चालवणाऱ्याच्या अंगावर दुसऱ्याच्या चुकीने दुचाकी येऊन आदळते, आणि तुरळक रहदारीच्या मार्गावरचा बेफिकीर चालक पदकापर्यंत पोहोचतो. दुसरा दोष लपवण्याचा, आणि तो अधिक घातक. ज्या कारखान्यात ‘अपघाताविना इतके दिवस’ असा फलक असतो आणि आकडा मोठा झाला की सगळ्या विभागाला भेटवस्तू मिळते, तिथे बोट चेचलेला कामगार रुमाल गुंडाळून गप्प राहतो. सहकाऱ्यांचे बक्षीस आपल्यामुळे जाऊ नये, हा त्याचा भलेपणा असतो. फलकावरचा आकडा वाढत राहतो आणि त्याखाली काय चालले आहे याची माहिती बंद होते. म्हणून बक्षीस शेवटच्या निकालाला बांधण्याऐवजी कृतींना बांधणे बरे : सुटण्यापूर्वी ब्रेक आणि टायर तपासले का, थांब्यावर गाडी पूर्ण उभी केल्यावरच दार उघडले का, बिघाडाची नोंद वहीत केली का. आणि ज्या वेळापत्रकात ठरलेल्या वेळेत फेरी पूर्ण करायला वेग वाढवावाच लागतो, त्या मार्गावरच्या चालकाला पदकाची आशा दाखवण्यापूर्वी वेळापत्रक दुरुस्त करायला हवे.

लपवणुकीविरुद्ध काय करता येते, हे पॉल ओनील यांच्या कारकिर्दीत दिसते. १९८७ मध्ये अल्कोआ या अमेरिकन ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाल्यावर त्यांनी नफ्याच्या आधी कामगारांची सुरक्षितता मांडली आणि गुंतवणूकदार चक्रावले. त्यांच्या कारकिर्दीत, दर शंभर कामगारांमागे कामाचे दिवस वाया घालवणाऱ्या इजांचे प्रमाण १.८६ वरून ०.२ पर्यंत खाली आले. १९९६ मध्ये मेक्सिकोतील कारखान्यात वायूने कामगारांना त्रास झाल्याची घटना मुख्यालयाला कळवली गेली नव्हती, म्हणून त्यांनी एका वरिष्ठ आणि यशस्वी अधिकाऱ्याला कामावरून दूर केले. शिक्षा झाली ती न कळवण्याची. हा संदेश खालच्या पायरीपर्यंत पोहोचायला कोणत्याही भाषणाची गरज पडली नसावी.

कळवण्यासारख्या गोष्टींत सर्वांत मोलाची असते ती थोडक्यात निभावलेली घटना. परांचीवरून वीट पडली आणि कोणाला लागली नाही. क्रेनचा हूक डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला. आपल्याकडे अशा वेळी देवाचे आभार मानून कामाला लागण्याची रीत आहे, आणि ‘जिवावर बेतलेले बोटावर निभावले’ ही म्हणही तयार आहे. आभार मानण्यात गैर काही नाही. पण त्या विटेची नोंद झाली, संध्याकाळी परांचीला खालून जाळी लागली आणि कळवणाऱ्याचे नाव मिस्त्रीने चारचौघांत घेतले, तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलतो. नोंद होऊनही काहीच झाले नाही, तर तिसऱ्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. कळवणे आणि दुरुस्ती यांच्यातील दिवस मोजले, तर त्या कामावर सुरक्षिततेला किती किंमत आहे हे बऱ्याच अचूकपणे समजते.

काम थांबवण्याचा अधिकार याच्या पुढची पायरी. बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर बिडदीला टोयोटा किर्लोस्कर मोटरचा कारखाना आहे. १९१० मध्ये सांगली भागात किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या घराण्याचे नाव त्यात जोडले गेले आहे. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीत जुळणीच्या रांगेवरील कोणताही कामगार काही खटकले तर दोरी ओढून किंवा बटण दाबून मदत मागू शकतो, आणि अडचण सुटली नाही तर रांग थांबते. या पद्धतीचा जन्म गुणवत्तेच्या विचारातून झाला, पण सुरक्षिततेसाठी तिचे महत्त्व तेवढेच. दोरी असणे मात्र पुरेसे नसते. नवा कामगार पहिल्यांदा दोरी ओढतो आणि ती गरज नसताना ओढली गेल्याचे निघते, तेव्हा सुपरवायझरच्या चेहऱ्यावर काय उमटते, यावर पुढची वर्षे ठरतात. कंपनीचे धोरण कागदावर असते. कामगार ते सुपरवायझरच्या तोंडून आणि वागण्यातून वाचतो. प्रशिक्षणाचा बराच खर्च कामगारांवर होतो. तो आधी या मधल्या माणसावर व्हावा, असे अनेक अनुभवी सुरक्षा अधिकारी सांगतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात कामगार कायम आहे, त्याला बोलण्याची संधी आहे आणि त्याचे साहित्य त्याच्या मापाचे आहे, असे गृहीत धरले आहे. वस्तुस्थिती बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटे गमावणाऱ्यांचा अभ्यास ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालमालेतून प्रसिद्ध करीत आली आहे. हरियाणापासून सुरू झालेले हे काम पुणे परिसरापर्यंत पोहोचले आहे. जखमी झालेल्यांत परप्रांतीय आणि कंत्राटी तरुणांचा भरणा मोठा. प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे आणि हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर बसवता येतो. ते नसतात, किंवा नगसंख्या वाढवण्यासाठी बंद केलेले असतात. कंत्राट कधीही तुटेल अशा माणसाला सेन्सर चालू करण्याचा आग्रह धरायला सांगणे म्हणजे त्याची नोकरी पणाला लावायला सांगणे. अशा ठिकाणी प्रेरणेचा विचार मालकाच्या आणि त्याच्याकडून भाग घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत करावा लागतो.

साहित्याचेही तसेच. पौरकार्मिक बाईला पुरुषाच्या मापाचे जाड हातमोजे दिले, तर ओला-सुका कचरा वेगळा करताना ती ते काढूनच ठेवणार. साडीवर घालायचा पट्टा साडी नेसणाऱ्यांकडून घालून पाहिल्याशिवाय विकत घेतला, तर तो खुंटीवर राहणार. खरेदीपूर्वी दोन-तीन नमुने वापरून पाहायला देणे आणि निवड वापरणाऱ्यांवर सोपवणे हा स्वस्त उपाय आहे. स्वतः निवडलेली वस्तू माणूस सहसा टाकून देत नाही. भाषेची गोष्टही इथलीच. कारखान्यातील सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावण्याची सक्ती १९४८ च्या अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये होती. म्हैसूरच्या बांधकामावर कन्नडखेरीज तमिळ, हिंदी, ओडिया आणि बंगाली बोलणारे मजूर असू शकतात. चाकणमध्ये मराठी फलक वाचू न शकणारे हजारो लोक काम करतात. बहुसंख्यांची भाषा पुरेशी नसते, आणि ज्याला अक्षरच येत नाही त्याच्यासाठी प्रत्यक्ष करून दाखवणे हाच मार्ग उरतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली असून जुन्या कारखाना अधिनियमाची जागा तिने घेतली आहे. सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा कारखान्यांसाठी १००० कामगारांवरून ५०० वर, आणि धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० वर आली, हे स्वागतार्ह आहे. दुसरीकडे, विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. गल्लीतले फॅब्रिकेशनचे दुकान, चार माणसांचे गॅरेज, मिस्त्री आणि पाच बिगारी असलेले बांधकाम यांच्यापर्यंत ना अधिकारी पोहोचतो, ना समिती. तिथे मालक स्वतःच वेल्डिंग करत असतो. त्याने चष्मा न लावता ठिणग्या उडवल्या तर शिकाऊ पोरगा तेच शिकतो, आणि त्याने रोज सकाळी पाच मिनिटे काढून कालच्या कामात काय निसटले आणि आज कोण उंचावर जाणार हे विचारले, ग्राइंडरची जाळी स्वतःच्या हाताने बसवली, घाईचे काम घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला उद्याची वेळ दिली, तर तो पोरगा तेही शिकतो.